वन्सं, रॅम की प्रोसेसर?

वन्सं, तुम्ही गेल्यापासून आपला कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही.

हे ऐकून तुम्हाला आनंद होणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, "चालतोय म्हंजे रेंगाळत चालतोय. जरा ताण त्याला, मंगल." मी म्हणेन, नको. मग तुम्ही माझ्याकडे अशा बघाल, जणू मी भाजीत मीठ घालायला विसरले.

घरी भेटायला अजून माणसं येतात. दारात चपला काढता काढता प्रत्येकाचा चेहरा बदलतो. आत बसून पाण्याचा घोट घेतला की म्हणतात, "लीलाताई किती शांत होत्या." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आणि तुमच्या भावानं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही पटकन मान खाली घातली. शांत. हळदीच्या मांडवात खुर्चीवर उभ्या राहून तुम्ही "ओ मामा, डोकं काढा मधनं" असं ओरडायचात, तेव्हा डीजेवालासुद्धा आवाज कमी करायचा. पण गेलेल्या माणसाला शांत म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही मान हलवते. तुमच्याशी मात्र खरं बोलते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही आधीच सगळ्या तालुक्यात 'शूटिंगवाली ताई' होतात. हळदीला बायकांच्या घोळक्यात पुरुष कॅमेरावाला शिरला की बायका पदर सावरत बसतात, गाणं घशातच राहतं. तुम्ही शिरलात की त्या तुम्हालाच हळद फासायच्या. म्हणून लोक तुम्हालाच बोलवायचे. फक्त ते शूटिंग तुम्ही कल्याणच्या एका माणसाकडे एडिटिंगला द्यायचात आणि तो प्रत्येक नवरीच्या भोवती बदाम आणि पोपट उडवून परत पाठवायचा. एक दिवस तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलात. मी कणीक मळत होते.

"तुला कॉम्प्युटर येतो ना?"

"थोडा. टायपिंगचा कोर्स केलाय."

"मंग हात धू."

एवढंच. नणंदेनं भावजयीला कामाला लावायच्या पुष्कळ तऱ्हा मी माहेरी ऐकून आले होते, त्यात ही नव्हती. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत तुम्ही मला नेऊन बसवलंत. खाली माग सुरू असले की टेबलावरचा चहा थरथरायचा. खिडकी उघडली की कापसाचे तंतू आत यायचे आणि बंद केली की आपण दोघी उकडून निघायचो. मी बदाम आणि पोपट काढून टाकले. तुम्ही पहिली फिल्म बघून म्हणालात, "बरी हाय." नंतर कळलं की तुमच्याकडे याच्यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

कॉम्प्युटर मात्र हळू होता. एक हळद तयार करून एक्स्पोर्टला लावली की मी घरी जाऊन स्वयंपाक करायची, जेवणं व्हायची, भांडी व्हायची, आणि परत येऊन बघावं तर हिरवी पट्टी अर्ध्यावर. तुम्हाला हे सहन होत नव्हतं. कुठून तरी फोनवर हिंदीतले व्हिडिओ बघून तुम्ही शोध लावलात की कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो तो सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतो. ओव्हरक्लॉक. तुम्ही त्याला 'ताणणं' म्हणायचात. नाक्यावरच्या रिपेअरिंगवाल्या इरफानभाईंना विचारायला मला सोबत नेलंत.

ते म्हणाले, "दीदी, होता है. लेकिन थोड़ा बढ़ाओ, चलाके देखो, फिर थोड़ा बढ़ाओ. एकदम से मत खींचो. और भिवंडी की गरमी का भी सोचो."

या सगळ्यातला 'बढ़ाओ' तेवढा तुम्ही ऐकलात.

पहिल्याच दिवशी इतकं ताणलंत की पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मला वाटलं, संपलं. तुम्ही शांतपणे वायर काढलीत (हो, तेव्हा मात्र शांत होतात), डब्याची बाजू उघडलीत, केसातली पिन काढलीत आणि आतली नाण्याएवढी बॅटरी त्या पिनेनं उचकटून बाहेर घेतलीत. "आता त्याला काय आठवणार न्हाय," म्हणालात. थोडा वेळ थांबून बॅटरी परत बसवली तर मशीन सगळी सेटिंग विसरून कंपनीच्या वेगावर सुरू झालं. तुम्ही पिन परत केसात खोवलीत, जणू उंबऱ्याशी अडकलेला पदर सोडवला.

मग मात्र जमत गेलं. प्रोसेसर वाढवला, नव्या रॅमच्या पट्ट्या बसवल्या, त्यांचाही वेग वाढवला. एक दिवस कुकरची शिट्टी व्हायच्या आत हळद एक्स्पोर्ट झाली. तुम्ही ती पट्टी पुढे सरकताना उभं राहून बघत होतात, शर्यतीला आल्यासारख्या. तुमचा तो चेहरा माझ्या लक्षात आहे. आणि त्याच आठवड्यात मशीन मध्येच गोठायला लागलं.

कधी निळा पडदा, कधी नुसतंच बंद होऊन परत सुरू. ठरावीक असं काही नाही. आधी आपण लाईटला दोष दिला. खाली माग एकदम सुरू झाले की बल्ब मंद व्हायचे, म्हणजे तेच असणार. पण यूपीएस एकदाही ओरडला नाही. मग गरमीवर संशय घेतला. पंखा काढून बघितला तर त्याच्या खालच्या पात्यांमध्ये इतका कापूस साठला होता की देवापुढच्या वाती वळता आल्या असत्या. तुमच्या भावाच्या रंगाच्या ब्रशनं मी तो झाडला, इरफानभाईंकडून प्रोसेसरवर लावायची पेस्ट आणली. मशीन थंड झालं. दुसऱ्या दिवशी थंडपणे बंद पडलं.

"प्रोसेसर कमी करा," मी म्हणाले.

"प्रोसेसर सोन्यासारखा हाय. रॅम खराब हाय."

"रॅम नवी आहे."

"नवी म्हंजे चांगली असं कुनी सांगितलं?"

असं करत करत आपण काम रेटत होतो. बंद पडलं की परत चालू करायचं. आणि तेवढ्यात दिघाशीचं लग्न आलं.

यमुनाबाईंच्या रेश्माचं. नवरा बोटीवर नोकरीला, लग्नानंतर लगेच परत जायचा होता आणि जाताना फिल्म घेऊन जाणार होता. हळदीला त्यांनी जुन्या पद्धतीचा धवला, म्हणजे लग्नातली परंपरेची गाणी, ठेवला होता. त्यांच्या गावची धवलारीण म्हातारी झाली होती, तिची गाणी आता फारशी कुणाला येत नाहीत, म्हणून यमुनाबाईंनी बजावलं होतं की तिचा शब्द न् शब्द यायला पाहिजे. तुम्ही सगळं घेतलंत. लग्न तिसऱ्या दिवशी होतं; मधल्या दिवशी शेलार गावात दुसरी हळद होती आणि त्यासाठी कॅमेऱ्याची तीच मेमरी कार्डं रिकामी करून हवी होती.

सकाळी तुम्ही कार्डं मशीनमध्ये उतरवलीत आणि आता ती पुसायला बसलात. मी शेजारच्या खुर्चीवरून, कीबोर्डवरच्या बाणांनी, उतरवलेलं सहज पुढेमागे करून बघत होते. रेश्माच्या गालावर हिरवे चौकोन दिसले. आधी वाटलं, हळदीचंच काही तरी. पुढे सरकवलं तर धवला मध्येच तुटला आणि नुसती खरखर.

"वन्सं, थांबा."

"काय?"

"ते पुसू नका."

"कॉपी झालीय ना?"

"झालीय. पण खराब झालीय."

तुमचं बोट माऊसवर होतं आणि पडद्यावर ते 'फॉरमॅट करायचं का' विचारणारं चौकोनी खोकं उघडं होतं. मी ते कार्ड काढून तुमच्या भावाच्या जुन्या लॅपटॉपला लावलं. तिथे रेश्माचा चेहरा स्वच्छ, धवला अखंड. म्हणजे कार्ड चांगलं होतं. आपलं मशीनच उतरवून घेताना बिघडवत होतं. आतापर्यंत आपल्याला वाटायचं की ते बंद पडतं, एवढंच. चालू असतानाही ते गुपचूप चुका करत होतं, हे त्या दिवशी कळलं. तुम्ही माऊसवरचा हात उचललात आणि मांडीवर ठेवलात, तवा तापलेला असावा तसा. मग उठलात, पर्स घेतलीत. "शेलारसाठी दुसरी कार्डं बघते," म्हणून बाहेर पडलात.

मी एकटी बसले. इरफानभाईंनी एक मेमरी तपासायचा प्रोग्रॅम दिला होता, तो लावला. तो रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचता येतं का बघतो, चुकलं की लाल ओळ येते. लाल ओळी पावसासारख्या यायला लागल्या. मग मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवली. रॅम होती तशी वेगात ठेवली, फक्त प्रोसेसर कंपनीच्या वेगावर आणला. परत तपासलं. एकही लाल ओळ नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी दारातच सांगितलं, "प्रोसेसर."

तुम्ही कार्डं टेबलावर ठेवलीत, पदरानं मान पुसलीत. "उलटं करून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मग रॅम कंपनीच्या वेगावर आणली आणि प्रोसेसर परत तुमच्या वेगावर चढवला. तपासलं. एकही लाल ओळ नाही.

"बघ," तुम्ही म्हणालात. "रॅम."

आपण चहा केला. दोन्ही परत वाढवून बघितलं, लाल ओळींचा पाऊस. एक वाढवलं तर ठीक, दुसरं वाढवलं तर ठीक, दोन्ही वाढवलं की गोंधळ. इरफानभाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, "दीदी, रॅम को सँभालनेवाला हिस्सा प्रोसेसर के अंदर ही होता है. दोनों तरफ़ से बोझ पड़ा तो वो घबरा जाता है."

तुम्ही फोनवर हात ठेवून मला म्हणालात, "ऐकलंस? रॅमचा बोजा."

मी म्हणाले, "ऐकलंत? प्रोसेसर घाबरतो."

तेवढ्यात तुमचा भाऊ गोडाऊनची ड्युटी संपवून आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्यासारखंच झालं हे. एकेकटी बरी असते, दोघी एकत्र आल्या की…" आपण दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. वाक्य तिथेच टाकून तो घरी आंघोळीला गेला.

मग दोन्ही वेग कंपनीच्या आकड्यावर आणले. कार्डं नव्यानं उतरवली, लॅपटॉपवरच्याशी एकेक क्लिप ताडून बघितली आणि कामाला लागलो. मशीन पुन्हा बैलगाडी झालं. तुम्ही इतक्या येरझाऱ्या घालायला लागलात की शेवटी मी तुम्हाला शेलारला वेळेआधीच पाठवलं. फिल्म झाली. नवरा ती घेऊन बोटीवर गेला. महिन्याभरानं रेश्मानं त्याचा निरोप आणला की बोटीवरच्या कुठल्या कुठल्या देशांच्या माणसांनी जेवणाच्या खोलीत धवल्यावर नाच केला. तुम्ही ही गोष्ट पुढे प्रत्येक लग्नात सांगितलीत आणि दर वेळी बोट मोठी होत गेली.

आपण शेवटी तडजोड केली. रॅम कंपनीच्या वेगावर, प्रोसेसर थोडासाच जास्त. मी माहेरी गेले की तुम्ही तो आणखी थोडा वाढवायचात. मला आल्या आल्या पंख्याच्या आवाजावरून कळायचं. मी काही न बोलता कमी करायची, तुम्ही काही न बोलता बघायचात.

भांडण मात्र मिटलं नाही. जेवताना निघायचं. भात लागला की तुम्ही म्हणायचात, "रॅम." रिक्षा बंद पडली की मी म्हणायची, "प्रोसेसर." शेजारच्या काकूंना वाटायचं, आपण कुणा नातेवाइकांची नावं घेतोय. हॉस्पिटलमध्ये तुमच्या उशाशी ते आकडे दाखवणारं मशीन लावलं होतं, तेव्हा तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही सांगायचंय. कानाशी म्हणालात, "हे कंपनीच्या स्पीडवर हाय, का कुनी ताणलंय?" मी हसले. नर्सनं माझ्याकडे रागानं पाहिलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

त्या 'हात धू' बद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणाले नाही. आपल्या घरात आभार मानायची रीत नाही. मानले असते तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण कणकेनं भरलेले हात धुऊन मी त्या दिवशी बाहेर पडले, म्हणून आज अर्ध्या तालुक्यात माझी ओळख कुणाची बायको म्हणून नाही. एखाद्या लग्नात अनोळखी बाई येऊन विचारते, "आमची हळद तूच बनवली ना?" तेव्हा मला फार बरं वाटतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं.

आणि आता मला तुमच्याशी भांडायचं आहे.

काल यमुनाबाई आल्या होत्या, दिघाशीहून. रेश्माच्या त्या लग्नानंतर त्यांची माझी भेट कधी झाली नव्हती. फिल्म तुम्हीच पोचवली होती. त्या बसल्या, पाणी प्यायल्या. मी वाट बघत होते, आता म्हणतील, शांत होत्या. पण त्या म्हणाल्या, "लीला लय घाबरली व्हती त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?"

"रेश्माच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी. कार्ड का काय आनाया निघाली व्हती, ती थेट आमच्याकडं आली. वट्यावर बसली. मला म्हनली, यमुनाबाई, तुमची हळद बिघडली असती. मशीन मी ताणली, चूक माझी हाय. भावजय सांगत व्हती, कमी करा, मी ऐकलं न्हाय."

मी विचारलं, "असं म्हणाल्या? चूक माझी म्हणून?"

"हां. वर म्हनली, काळजी करू नका, आता मंगल बसलीय त्याच्यापुढं, ती काढंल. माझ्यापरीस तिला जास्त समजतं. पन तिला सांगू नका, मी असं बोल्ली म्हनून."

वन्सं, मला हसू आलं. भेटायला आलेल्या बाईसमोर घरच्या बाईनं हसायचं नसतं, हे मला कळतं, पण मी हसतच सुटले. तुमचा भाऊ आतून धावत आला. अख्ख्या दिघाशीला तुम्ही कबुली देऊन आलात, आणि घरी येऊन पदरानं मान पुसत मला विचारलंत, "उलटं करून बघितलंस का?" आणि पुढची सगळी वर्षं रॅम, रॅम करत राहिलात.

मग मला राहवेना. मी यमुनाबाईंना सगळं समजावून सांगितलं. प्रोसेसर म्हणजे काय, रॅम म्हणजे काय, लाल ओळी, एक वाढवलं तर काय होतं, दोन्ही वाढवलं तर काय. चूक तुमची एकटीची नव्हती, हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. चहा गार झाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे दोघींचं बी बरोबर व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग भांडत कशाला व्हता?"

"जेवताना," मी म्हणाले. त्यांनी विचारलं होतं कशाला, आणि माझ्या तोंडून आलं जेवताना. "रोज जेवताना भांडायचो."

आणि मग, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, मी मोठ्यानं रडले. इतके दिवस चपला, पाणी, चहा यातच गेले होते. यमुनाबाईंनी माझं डोकं खांद्यावर घेतलं. फार वेळ नाही, त्यांना दिघाशीची रिक्षा पकडायची होती.

जिन्यातून उतरताना त्या थांबल्या. धाकटीचं ठरलंय म्हणाल्या, हळद धरलीय. "शूटिंग तूच कर."

मी म्हणाले, "अहो, मी एडिटिंग करते. मला कॅमेरा धरता येत नाही."

"तिला तरी कुठं येत व्हता," त्या म्हणाल्या. "तिच्या पयल्या शूटिंगला आमच्या जावेची निस्ती पावलं घेतली व्हती."

मी हो म्हणाले आहे.